दुपारची झोप ठेवायची की सोडायची? आधी आठ दिवस वही लिहा

आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा पाडणारे कामगार, होते. ३४ वर्षं गळीत हंगामात पाळ्या केल्या. मी ३१ वर्षं नर्सिंगमध्ये काढली, त्यातल्या किती नाइट झाल्या त्याची मोजदादच नाही. नोकरी होती तोवर दोघांची झोपायची वेळ क्वचितच एक असायची. निवृत्तीनंतर सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं, पण वर्षभरातच हे रात्री दोन-अडीचला टक्क जागे व्हायला लागले. मिरज जंक्शनवरच्या इंजिनांचे भोंगे रात्री आमच्या घरापर्यंत ऐकू येतात. हे अंथरुणात पडून ते भोंगे मोजायचे, मग उठून पाणी प्यायचे, ओट्यावरचा दिवा लावायचे, पुन्हा येऊन कूस बदलत राहायचे. सकाळी एकच वाक्य, "मला झोपच लागत नाही गं आता."

एका स्नेह्यांनी आपल्या पाकिटातली झोपेची गोळी काढून यांच्या हातावर ठेवली, त्या दिवशी मात्र मी घाबरले. गोळी परत दिली आणि संध्याकाळी नातवाची जुनी वही काढून रकाने आखले. त्या वहीने आमच्या घरातला प्रश्न सोडवला, म्हणून सुरुवात तिथूनच करते. दुपारी झोपावं की नाही, हा प्रश्न मला आजही सोसायटीतल्या बायका विचारतात. "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात मी सांगत नाही. आधी वही दाखवा म्हणते.

वहीत काय लिहायचं

आठ दिवस काहीही बदलायचं नाही. रोजचंच वागायचं आणि फक्त लिहायचं. दुपारचं जेवण किती वाजता, आडवे कधी झालात, उठलात कधी. चहा-कॉफी किती वाजता, शेवटचा कप कधी. रात्री अंथरुणावर कधी पाठ टेकली, अंदाजे डोळा कधी लागला, मध्ये जाग कधी आली, किती वेळ जागे होता, सकाळी कायमचं कधी उठलात. हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी लिहायचं. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, कारण घड्याळ बघितलं की "अजून तीनच वाजले" हा विचार माणसाला आणखी जागं करतो. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही.

यांच्या वहीतलं एका मंगळवारचं पान असं होतं. जेवण १.१०. आडवे १.३५. उठले ३.५०. चहा ४ वाजता, साडेपाचला मित्र आले तेव्हा, आणि सातला बातम्या बघताना. अंथरूण १०.१५. झोप लागली पावणेबाराच्या सुमाराला. जाग २.१०. पुन्हा डोळा लागला ३.५० ला. उठले साडेपाचला.

आता बेरीज करून बघा. दुपारचे सव्वादोन तास. रात्रीचे आधी दोन तास पंचवीस मिनिटं आणि नंतर एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास पाच मिनिटं. चोवीस तासांत एकूण झोप सहा तास वीस मिनिटं. पासष्टीच्या पुढच्या माणसाला साधारण सात ते आठ तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे झोप थोडी कमी होती हे खरं, पण "झोपच लागत नाही" हे खरं नव्हतं. यांची झोप तीन तुकड्यांत विखुरली होती आणि त्यातला एक मोठा, चांगला तुकडा दुपारच्या उन्हात संपत होता. मी ही बेरीज यांच्यापुढे ठेवली तेव्हा यांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली. मग म्हणाले, "म्हणजे मी झोपतोय, पण भलत्या वेळी."

तुमच्या वहीत आठ दिवसांची बेरीज अशीच करा. रात्री डोळा अर्ध्या तासाच्या आत लागत असेल, मध्ये जाग आली तरी पुन्हा लगेच झोप लागत असेल आणि सकाळी ताजंतवानं वाटत असेल, तर तुमच्या दुपारच्या झोपेला कुणी नावं ठेवली तरी ऐकू नका. ती चालू ठेवा. पुढचं सगळं आहे ते ज्यांची रात्र बिघडली आहे त्यांच्यासाठी.

झोपेची भूक

सांगली-जयसिंगपूरकडच्या माणसाला हे पटकन कळेल. संध्याकाळी सहाला वाटीभर भडंग खाल्लं की रात्री भाकरी जात नाही. भडंग वाईट नसतं. वेळ आणि माप चुकलेलं असतं. झोपेचंही तसंच आहे. सकाळी उठल्यापासून मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकं ते जास्त आणि तितकी झोपेची भूक मोठी. झोपलो की ते कमी होतं. दुपारी दोन तास झोपून चारला उठलेल्या माणसाची भूक रात्री दहाला सहा तासांचीच असते, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या, पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या बाईची सतरा तासांची. ती उशीला डोकं टेकताच घोरते आणि हा छताकडे बघत बसतो. चहा-कॉफीतलं कॅफीन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून भूक असूनही ती जाणवत नाही. पाच-सहा तासांनंतरही त्यातलं सुमारे निम्मं कॅफीन रक्तात असतं. सातच्या बातम्यांबरोबरचा चहा मध्यरात्रीपर्यंत पुरतो तो असा.

झोपेवर या भुकेचा एक आणि शरीरातल्या घड्याळाचा दुसरा, असे दोन अंमल चालतात, ही मांडणी झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली. आजही झोपेचे डॉक्टर याच चौकटीत विचार करतात. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी पेंग या दुसऱ्या अंमलाची, म्हणजे शरीरातल्या घड्याळाची आहे. लोक जेवणाला दोष देतात. पण आषाढी एकादशीला मी निर्जळी करते, त्या दिवशीही दोनच्या सुमाराला पापण्या जड होतातच. भरपेट भात त्या सुस्तीत भर घालतो एवढंच. तेव्हा दुपारी पेंग येणं हा आळस नाही. अंगाचाच तो स्वभाव आहे, आणि कामं करून थकलेल्या सुनेला "दिवसा काय लोळतेस" म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आता माप. झोप लागल्यावर पहिली काही मिनिटं ती वरवरची असते. दहा-वीस मिनिटं मधल्या थरात जातात. अर्ध्या तासाच्या पुढे माणूस गाढ झोपेत उतरायला लागतो. ही गाढ झोप खरं तर रात्रीच्या पहिल्या निम्म्या भागातली. तिचा वाटा दुपारी काढून घेतला की रात्री त्या वेळी वरवरची झोप मिळते आणि मांजर चाललं तरी जाग येते. शिवाय गाढ झोपेतून उठवलं की डोकं जड, तोंडाला चव नाही, चिडचिड. ही धुंदी उतरायला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. "दुपारी झोपून उठलं की आणखीच दमल्यासारखं वाटतं" ही तक्रार या लांबलेल्या झोपेची असते.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली हेच मोजलं. रात्री पाचच तास झोपलेल्या तरुणांना दुपारी ५, १०, २० आणि ३० मिनिटं झोपू दिलं. १० मिनिटंवाले उठल्या उठल्या तरतरीत होते आणि ती तरतरी अडीच तास टिकली. ३० मिनिटंवाल्यांनाही फायदा झाला, पण आधी त्यांना ती धुंदी काढावी लागली. मला हे वाचून वॉर्डातल्या मावशी आठवल्या. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून दहा मिनिटं डोळे मिटायच्या आणि पुन्हा बादली उचलायच्या.

तीन आठवडे पूर्ण बंद

ज्यांची रात्र बिघडली आहे त्यांना मी अर्धवट उपाय सांगत नाही. आधी तीन आठवडे दुपारची झोप पूर्ण बंद. "थोडी कमी करतो" म्हणणारा माणूस पाठ टेकली की दोन तासांनीच उठतो, कारण रात्रीची उणीव दुपारी वसूल होत असते. हे चक्र कुठेतरी एकदा तोडावं लागतं आणि ते दुपारीच तोडता येतं. रात्री झोप आणणं आपल्या हातात नाही, दुपारी न झोपणं मात्र आहे.

पहिले चार दिवस फार अवघड जातात, हे आधीच सांगून ठेवते. यांचा दुसऱ्या दिवशी जेवताना घास हातात राहिला आणि मान खाली गेली. मला वाईट वाटलं, पण मी उठवलं. या चार दिवसांत दुपारी स्कूटर-गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, गॅसपुढे एकट्याने उभं राहायचं नाही. फिट्स येणाऱ्यांनी, मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी आणि ज्यांचं पोट गाडी चालवण्यावर आहे त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दीड ते साडेतीन हा वेळ कसा काढायचा, हीच खरी लढाई. बसून करायचं काम ठेवलंत की हरलात. टीव्ही, वर्तमानपत्र, मोबाइल, तिन्हींनी डोळा लागतो. आम्ही दुपारच्या जेवणातला भात निम्मा केला. जेवण झालं की शतपावली, तीही घरात न घालता अंगणात उजेडात. उजेड शरीराच्या घड्याळाला दिवस असल्याची खूण देतो, तेवढ्याने पेंग बरीच हटते. मग उभ्याने करायची कामं. यांनी त्या तीन आठवड्यांत माळ्यावरचे सगळे डबे उतरवून पुसले, कुंड्यांची माती बदलली, सायकलची चेन साफ केली. वीजबिल ऑनलाइन भरता येत असूनही मी यांना केंद्रावर पाठवत होते, चालत.

रात्रीचे दोन नियम. कितीही पेंग आली तरी साडेदहाच्या आधी अंथरुणावर जायचं नाही आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी साडेपाचला उठायचं. रविवारीसुद्धा. मध्ये जाग आली आणि साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं, तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत यायचं. अंथरूण म्हणजे जागं पडून राहायची जागा, अशी शरीराला पडलेली सवय मोडायची असते. चहा शेवटचा चार वाजता. यांना सातचा चहा सोडणं दुपारच्या झोपेपेक्षाही जड गेलं. त्या वेळी आम्ही आलं-गवती चहाचा काढा दूध घालून दिला, चहापत्ती न टाकता.

पाचव्या रात्री हे पहिल्यांदा चारपर्यंत सलग झोपले. सहाव्या रात्री पुन्हा अडीचला उठले आणि खचले. असं होतं. एका रात्रीवरून ठरवू नका, आठवड्याची बेरीज बघा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी यांच्या वहीत रात्रीची झोप सव्वासहा तास होती, मध्ये एकदाच लघवीला उठणं आणि पुन्हा लगेच झोप. चोवीस तासांची बेरीज जवळजवळ आधीइतकीच. पण ती एका ठिकाणी आली होती आणि सकाळचं ते वाक्य बंद झालं होतं.

डुलकी परत कशी आणायची

रात्र बसली की डुलकी परत आणता येते. आणावीच असंही नाही. यांना हवी होती, म्हणून आम्ही आणली.

पलंगावर झोपायचं नाही, ही पहिली अट. आमच्याकडे सासऱ्यांची जुनी लाकडी आरामखुर्ची आहे, कापडी झोळीची. ती आम्ही पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली. पडदा निम्माच ओढायचा, खोली काळोखी करायची नाही. पायांवर पातळ चादर. खुर्चीत मान थोडी उभी राहते, त्यामुळे माणूस सहसा फार खोल जात नाही. चरकसंहितेत दिवसा झोपण्याने कफ वाढतो म्हणून बहुतेक ऋतूंत ती नको म्हटलं आहे, पण बसल्या बसल्या घेतलेल्या डुलकीला मात्र निर्दोष मानलं आहे. ग्रीष्मात दिवसा झोपायची मोकळीक दिली आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, आजारी, प्रवासाने किंवा कामाने थकलेले यांनाही. मी दवाखान्यातली बाई, पण इतक्या जुन्या काळी कुणी इतकं बारकाईने बघितलं होतं याचा मला फार आदर वाटतो.

वेळ अशी काढा. रात्री झोपायच्या वेळेतून आठ तास वजा करा, त्याच्या आत उठलेलं असायला हवं. साडेदहाला झोपत असाल तर अडीचला डुलकी संपली पाहिजे. म्हणून जेवणही पाऊण-एकला उरकायचं. यांना जेवायला दोन वाजले तर त्या दिवशी डुलकी नाही, हे आम्ही आधीच ठरवलं.

गजर २५ मिनिटांचा. त्यातली पाचेक मिनिटं डोळा लागायला, वीस मिनिटं झोप. गजर हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायचा. आम्ही देवघराच्या कोनाड्यात ठेवतो, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. डोळा लागला नाही तरी गजर वाजला की उठायचं. नुसतं डोळे मिटून पडण्यानेही अंगाला विसावा मिळतो. उठल्यावर तोंडावर गार पाणी, पाच मिनिटं अंगणात, मग अर्धा कप चहा.

आता वामकुक्षीबद्दल. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवल्यावर डाव्या कुशीवर टेकणं, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. तासभर घोरणं त्यात कुठेही नाही. ज्यांना जळजळ, आंबट ढेकरांचा त्रास आहे त्यांना खुर्ची जमत नसेल तर डावी कूसच बरी, कारण त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहतं आणि आम्ल वर कमी चढतं. उजव्या कुशीवर उलट होतं. पण गजर इथेही तोच.

मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहालाच ऊन चटके देतं. तेव्हा मी यांना दहा मिनिटं जास्त देते. जूनमध्ये पाऊस लागला की पुन्हा वीस.

ज्यांनी दिवसा लांब झोपलंच पाहिजे

इथे माझं मत ठाम आहे. हे सगळे नियम रात्री घरी झोपणाऱ्यांचे आहेत. ज्यांची रात्र दुसऱ्यांसाठी जाते त्यांच्यावर ते लादू नका.

मी नोकरीच्या चौथ्या वर्षी सलग पाचवी नाइट करत होते. घरी धाकटा तापाने फणफणलेला, दिवसा मला दीड तास झोप मिळाली होती. पहाटे चारला ट्रॉलीवरून डिस्टिल्ड वॉटरची समजून अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, उचलली, तोडली, सिरिंजमध्ये ओढली. आम्हाला शिकवलेलं असतं की लेबल तीनदा वाचायचं, उचलताना, ओढताना आणि अँप्यूल टाकून देताना. पहिली दोन वाचनं माझ्या डोळ्यांनी केली, डोक्याने केली नाहीत. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं, पोटॅशियम क्लोराइड. ते तसंच शिरेतून गेलं असतं तर पेशंटचं हृदय बंद पडू शकलं असतं. मी सिरिंज टाकून दिली आणि सिंकला धरून उभी राहिले. हात बराच वेळ थरथरत होते. त्या रात्रीच्या आमच्या इन्चार्ज सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाळी लावली. एकीने वॉर्ड बघायचा, दुसरीने तीन वाजता ड्युटी रूममध्ये वीस मिनिटं आडवं व्हायचं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेली पाहणी मी पुष्कळ वर्षांनी वाचली. त्यांना पाळीपाळीने ४० मिनिटं मोकळी दिली होती, त्यात ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा कितीतरी सावध राहिले. आमच्या त्या सिस्टरनी हे कुठे वाचलं नव्हतं, पण ओळखलं होतं.

तर नाइट करणाऱ्यांनी काय करावं? पहिल्या नाइटच्या दिवशी दुपारी दोन ते साडेतीन अशी पूर्ण दीड तासाची झोप काढा. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, ते पुरं झालं की उठताना जड वाटत नाही. रात्री मुभा असेल तर वीस मिनिटं, पण उठल्यावर पंधरा मिनिटं जाऊ द्या, लगेच इंजेक्शन भरू नका की गाडी काढू नका. पहाटे तीननंतर चहा नको. सकाळी घरी जाताना ऊन डोळ्यांवर घेऊ नका, गॉगल लावा, हलकं खा आणि खोली पूर्ण काळोखी करून झोपा. ही झोप म्हणजे तुमची रात्र आहे. घरातल्यांनी त्या वेळी दाराची बेल बंद ठेवावी, मिक्सर लावू नये, "आली का भाजी?" म्हणून उठवू नये. मला हे मागून मिळालं नव्हतं. माझ्या सुनेला, तीही नर्सच आहे, मी न मागता देते. नाइट संपवून ऑफ मिळाला की मात्र त्या दिवशी सकाळी दीड-दोन तासच झोपा आणि उठा, म्हणजे रात्री सगळ्यांबरोबर झोप लागेल. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने जागरण झालेल्याला सकाळी, काही न खाता, जागरणाच्या निम्मा वेळ झोपायला सांगितलं आहे. माझा अनुभव त्याच्या जवळपास जातो.

बाळंतिणीने दिवसा झोपू नये, अंग सुटतं, असं आमच्याकडे अजूनही म्हणतात. मी हे कुणाचंही ऐकून घेत नाही. दर दोन-तीन तासांनी उठून पाजणारी मुलगी दिवसा झोपली नाही तर झोपणार कधी? बाळ झोपलं की तिनेही झोपावं, कितीही वाजलेले असोत. भेटायला येणाऱ्यांनी बाळाला घ्यावं आणि तिला झोपू द्यावं.

लहान मुलांचं थोडक्यात सांगते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. तीन ते पाच वर्षांत १० ते १३. मूल रात्री अकरापर्यंत नाचत असेल तर दुपारची झोप एकदम तोडू नका, ती आधी अलीकडे ओढा. बाराला जेवण, साडेबाराला झोप, दोनला उठवणं.

पेंग हा निरोप असतो तेव्हा

रात्री सात-आठ तास झोपूनही दिवसा बसल्या जागी मान पडत असेल, तर दुपारच्या झोपेचे नियम घालत बसू नका. कारण शोधा. एपवर्थ मापन नावाची एक साधी प्रश्नावली आहे. वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगी तुम्हाला डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या पुढे गेली तर डॉक्टरांना दाखवा.

जोराने घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखं होणं, सकाळी डोकं दुखणं, वाढलेला बीपी, हे एकत्र दिसलं तर झोपेत श्वास अडत असण्याची शक्यता असते. हे घोरणाऱ्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याने सांगायचं असतं. त्याची तपासणी होते आणि त्यावर उपचार आहे. बायकांमध्ये मी कितीदा बघितलं, "सारखी झोप येते" म्हणून आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन सात-आठ निघायचं. थायरॉइड, वाढलेली साखर, मनाची उदासी, सर्दीच्या गोळ्या, ही कारणंही तपासायला हवीत. आणि एखाद्या आजोबांची दुपारची झोप काही महिन्यांत तासाभरावरून तीन तासांवर गेली, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका.

झोपेच्या गोळीचं तेवढं हात जोडून सांगते. दुसऱ्याच्या पाकिटातली घेऊ नका आणि चिठ्ठीशिवाय आणू नका. रात्री लघवीला उठलेलं, गोळीच्या अमलाखालचं वयस्कर माणूस बाथरूममध्ये पडतं आणि खुब्याचं हाड मोडून वॉर्डात येतं. अशी माणसं मी माझ्या हातांनी स्ट्रेचरवरून उतरवून घेतली आहेत.

दिवाळीत आमचीही घडी मोडते. पाहुणे, उशिरा जेवणं, पत्त्यांचे डाव, मग दुपारी सगळे एका ओळीत आडवे. भाऊबीज झाली की पाहुणे जातात आणि दोन-तीन दिवसांनी हे पुन्हा भोंगे ऐकायला लागतात. तेव्हा मी काही बोलत नाही. ते स्वतःच कपाटातून वही काढतात, पट्टी घेऊन रकाने आखतात आणि आरामखुर्ची घडी करून पलंगामागे ठेवून देतात. या वेळी आठवड्यात काम झालं. परवा खुर्ची परत खिडकीपाशी आली आहे.